पोत्यावर कोंबडीचं चित्र, खाणार बदक: दुकानातल्या चार खाद्यांची पारख

महाराष्ट्रातल्या बहुतेक पशुखाद्याच्या दुकानांत बदकाचं म्हणून वेगळं पोतं मिळत नाही. दुकानदार काढून देतो ते कोंबडीचंच: ब्रॉयलर (मांसाच्या कोंबडीचं) प्री-स्टार्टर, ब्रॉयलर स्टार्टर, लेयर (अंड्यांच्या कोंबडीचं) ग्रोअर किंवा लेयर मॅश, म्हणजे भरडलेलं खाद्य. यातलं एकही पोतं बदकाच्या पिल्लाला पहिल्या दिवसापासून अंड्यापर्यंत पुरत नाही. पण नीट वेळेवर बदलत गेलं तर यांतल्या दोन-तीन पोत्यांवर खाकी कॅम्पबेल, म्हणजे अंड्यांसाठी पाळायची बदकं, उत्तम वाढतात.

ब्रॉयलर प्री-स्टार्टरमध्ये प्रथिनं 23 टक्क्यांच्या आसपास असतात. हे पोतं दुकानात सगळ्यात आग्रहाने दिलं जातं आणि सगळ्यात महागही पडतं. मांसासाठी पेकिन जातीची बदकं वाढवायची असतील तर पहिले दोन आठवडे ठीक आहे. त्यांना 22 टक्के प्रथिनं लागतातच. अंड्यांसाठी ठेवलेल्या खाकी कॅम्पबेलला मात्र एवढी घाई कशाला?

आमची पहिली पसंती ब्रॉयलर स्टार्टरला, आणि तेही क्रंबल, म्हणजे चुरलेल्या गोळीच्या स्वरूपात. पहिले तीन आठवडे हेच द्यावं. एका पिल्लाला या काळात साधारण पाऊण ते एक किलो खाद्य लागतं, म्हणजे 50 पिल्लांना 50 किलोचं एक पोतं धरून चालावं. मॅश स्वस्त पडतं, पण बदक खाता खाता पाण्याकडे धावतं, चोचीला चिकटलेला लगदा पाण्यात धुतो आणि खाद्याचा मोठा वाटा भांड्याच्या तळाशी जातो. मॅशच हातात असेल तर पाणी शिंपडून द्यावं. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पाणी गळता कामा नये. तासाभरात संपेल एवढंच भिजवावं. उरलेलं आंबतं, ते फेकून भांडं घासावं. क्रंबल असो वा मॅश, शेजारी पाणी हवंच, नाहीतर घास घशात अडकतो. पाण्याची खोली 5 ते 7 सेंटिमीटर ठेवावी: नाकपुड्या बुडतील, पण पिल्लू आत उतरून पोहणार नाही.

या पोत्याची खरी उणीव आहे ती नियासिन या बी जीवनसत्त्वाची. बदकाच्या पिल्लाला किलोमागे सुमारे 55 मिलिग्रॅम नियासिन लागतं. कोंबडीच्या हिशेबाने बनवलेल्या खाद्यात साधारण 35 मिलिग्रॅम धरलेलं असतं. कोंबडी ट्रिप्टोफॅनपासून (प्रथिनांतल्या एका घटकापासून) थोडंफार नियासिन स्वतः बनवून वेळ निभावते, बदकाला ते फारसं जमत नाही. शिवाय मक्यातलं नियासिन बांधलेल्या रूपात असतं, ते पक्ष्याच्या अंगी लागत नाही. त्यामुळे लेबलवर सगळं ठीक दिसतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिल्लं ढोपरावर बसायला लागतात, घोट्याचा सांधा सुजतो, पाय बाहेर वाकतात. लोक याला कॅल्शियमची कमतरता समजून शिंपल्यांची भुकटी घालतात; त्याने काही साधत नाही. खाद्याच्या किलोमागे 50 ग्रॅम ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना उरणारं, वाळवलेलं यीस्ट) मिसळलं की तूट भरून निघते. पाव फुगवायचं यीस्ट वेगळं, ते नको. पाय वाकायला लागलेच असतील तर यीस्टवर विसंबू नये, पशुवैद्याकडून पाण्यात द्यायचं बी-कॉम्प्लेक्स त्याच दिवशी घ्यावं. एकदा हाडं वाकडी होऊन पक्की झाली की पिल्लू जन्मभर लंगडतं.

लेबलवर कॉक्सिडिओस्टॅट (कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगावरचं औषध) लिहिलं असेल तर बिनऔषधाचं पोतं मागावं. तो डोस कोंबडीच्या पिल्लाच्या खाण्याच्या मापाने ठरवलेला असतो. बदकाचं पिल्लू त्याहून अधिक खातं, आणि कॉक्सिडिओसिसचा त्रास त्याला तसा कमीच होतो.

चौथ्या आठवड्यापासून लेयर ग्रोअर, 16 टक्के प्रथिनांचं. या चौघांतलं सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात उपयोगी पोतं हेच. तीन-चार दिवसांत बदल करावा: आधी चार भागांत एक भाग नवं, मग निम्मं-निम्मं, मग तीन भाग नवं. स्टार्टरच पुढे रेटत राहिलं तर पंखाच्या टोकाची पिसं हाडाच्या मानाने लवकर जड होतात आणि टोक बाहेर वळतं. हे वेळीच दिसलं तर पंख मिटून तीन-चार दिवस मऊ पट्टीने बांधावा, कमी प्रथिनांचं खाद्य द्यावं आणि हिरवं वाढवावं. मोठ्या बदकाचा वळलेला पंख सरळ होत नाही. ग्रोअर बहुधा मॅश स्वरूपातच मिळतं, हा त्याचा दोष. 3 मिलिमीटरची गोळी मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

याच वयात अझोला (पाण्यावर तरंगणारं छोटं नेचं), चिरलेला पालेभाजीचा कचरा, भातखाचरातल्या गोगलगाई असं वरकड खाणं सुरू करता येतं. अझोला भरपूर दिसतो, पण त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं, म्हणून खाद्याची जागा तो घेत नाही. दाणे किंवा हिरवं सुरू केलं की ते पोटात दळायला भांडंभर बारीक खडी जवळ ठेवावी. कणी चालते, शिळा पाव नको.

लेयर मॅशला पिल्लांच्या बाबतीत आमच्याकडून शून्य गुण. वाईट म्हणून नव्हे, अवेळी म्हणून. त्यात तीन टक्के किंवा अधिक कॅल्शियम असतं, तर वाढत्या पिल्लाला एक टक्काही लागत नाही. जादाचं कॅल्शियम मूत्रपिंडं बिघडवतं. ‘घरात कोंबड्यांचं पोतं आहेच’ म्हणून हे दिलं जातं. पहिलं अंडं दिसेपर्यंत थांबावं. खाकी कॅम्पबेलमध्ये ते साधारण साडेचार-पाच महिन्यांनी येतं. तोवर एका पक्ष्यामागे एकूण सुमारे साडेबारा किलो खाद्य गेलेलं असतं, पुढे रोज 120 ग्रॅम किंवा थोडं वर.

पोतं कुठलंही घ्या, उघडून वास घ्या. बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनला बदकाचं पिल्लू इतकं हळवं आहे की पूर्वी या विषाची चाचणीच त्याच्यावर करत. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने टर्कींबरोबर बदकाची पिल्लंही मेली, त्यातून या विषाचा शोध लागला. आपल्याकडेही खाद्यात शेंगदाण्याची पेंड असू शकते, आणि कोकणातला पावसाळा काय असतो ते सांगायला नको. पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावं. उघडलेलं तीन आठवड्यांत संपवावं. गुठळी झालेलं, हिरवट दिसणारं खाद्य उन्हात वाळवून देऊ नये. बुरशी मरते, विष तसंच राहतं. भाताचा कोंडा तर आठवडाभराचाच आणावा, तो लवकर खवट होतो.