जायला आणि यायला एकच वेळ? मुंबई-न्यूयॉर्क अंतराचं ॲप, आठ महिन्यांनंतर

दोन शहरांमधलं विमानाचं अंतर आणि वेळ सांगणारं हे ॲप डिसेंबर 2024मध्ये घेतलं. जाहिराती नकोत म्हणून वर्षाचे 399 रुपयेही भरले. मुंबई-न्यूयॉर्क टाकलं की साधारण साडेबारा हजार किलोमीटर दाखवतं. ते बरोबर आहे. माझं भांडण वेळेशी आहे.

यांना इन्सुलिन चालू आहे. लेकीकडे जाण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "विमान किती तासांचं?" मी ॲप उघडून सांगितलं, चौदा. त्यावर त्यांनी डोस आणि खाण्याच्या वेळा लिहून दिल्या. जानेवारीत प्रत्यक्षात साडेसोळा तासांच्या वर लागले. उतरून खायचं आणि मग इंजेक्शन घ्यायचं, असं ठरलेलं. विमान हवेतच. बोटाला सुई टोचून बघितलं तर साखर 268. पुढचे दोन तास मी यांच्या कपाळावरचा घामच बघत होते.

कंपनीला मेल केली. उत्तर आलं, "वेळ अंदाजे आहे." अंदाज चुकतो हे मला कळतं हो, पण जायला चौदा आणि यायलाही चौदाच, हा अंदाज कसला? अंतराला ताशी 900 किलोमीटरने भागलं की झालं! वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, थंडीत जास्तच. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली, तरी ॲपमधला आकडा जागचा हलला नाही.

मे महिन्यात परत आलो ते सव्वाचौदा तासांत. तेव्हा राग थोडा उतरला.

एका गोष्टीसाठी मात्र ॲपचे आभार. नकाशावर ते मुंबईहून वर उत्तरेला जाणारी कमान दाखवतं, ती मला चूकच वाटायची. नातीच्या पृथ्वीगोलावर शिवणाचा दोरा ताणून धरला. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा आपोआप पाकिस्तान, रशिया करत आइसलँडजवळून कॅनडावर उतरला! नात आणि मी दहा मिनिटं दोरा सोडून पुन्हा ताणत होतो. म्हणजे रेघ खरी आहे, वेळ खोटी.

पुढच्या वर्षाचे पैसे मी भरणार नाही. वेळ तिकिटावरूनच काढा. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात, एवढं लक्षात ठेवा. आमचं विमान रात्री 1:20ला निघून सकाळी 7:30ला पोहोचणार होतं. वरवर सहा तास दहा मिनिटं. त्यात थंडीतला साडेदहा तासांचा फरक मिळवा, 16 तास 40 मिनिटं. उन्हाळ्यात फरक साडेनऊ तासांचा. परतीला तोच फरक वजा करायचा. डॉक्टरांना आता मी दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून देते.