दौरा, खेळाडू की तिथला क्लबच? परदेशात चाहते जोडायला पैसा कुठे लावावा

रेआल माद्रिद किंवा मँचेस्टर युनायटेडला हा प्रश्न पडत नाही, ते सगळंच करून मोकळे होतात. पण युरोपातल्या एखाद्या मधल्या फळीतल्या फुटबॉल क्लबकडे आशियात चाहते जोडायला मोजकाच पैसा असेल, तर तो कशावर लावावा? बैठकीत सहसा तीन पर्याय मांडले जातात: मोसमाआधीचा दौरा, त्या देशातला खेळाडू घेणं, किंवा तिथला क्लबच विकत घेणं. चौथाही एक पर्याय आहे. त्यात झकपक फोटो निघत नाहीत, म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही.

दौऱ्याचा मोह सगळ्यांनाच पडतो आणि तो कळण्यासारखा आहे. २७ मे २००८ रोजी कोलकात्यात, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये, गोलरक्षक ऑलिव्हर कान जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून मोहन बागानविरुद्ध निरोपाचा सामना खेळला. लाखाच्या वर माणसं होती. एवढी गर्दी म्युनिकच्या मैदानात मावतसुद्धा नाही. पण बायर्न पुन्हा भारतात आलं ते जानेवारी २०१२ मध्ये, तेही दिल्लीत. मधली साडेतीन वर्षं त्या लाखभर लोकांना धरून ठेवायला तिथे काय होतं? जत्रा उठली की मैदान मोकळं.

आणि दौरा अंगाशीही येतो. जुलै २०१९ मध्ये युव्हेंटस सोलमध्ये खेळलं, पण क्रिस्तियानो रोनाल्डो नव्वद मिनिटं बाकावर बसून राहिला. चिडलेले प्रेक्षक कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हाँगकाँगला इंटर मायामीकडून मेस्सी मैदानात उतरलाच नाही, तेव्हा आयोजकांना तिकिटाचे अर्धे पैसे परत करण्याची तयारी दाखवावी लागली. दोन्हीकडे लोकांनी तिकीट काढलं होतं ते एका माणसाला बघायला. क्लबचं नाव त्यांच्या दृष्टीने तपशील होता.

मग तो माणूसच संघात घेतला तर? हा पर्याय दौऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे, फक्त अटी कडक आहेत. १९९८ मध्ये इटलीतल्या पेरुजियाने हिदेतोशी नाकाताला घेतलं. पहिल्याच लीग सामन्यात त्याने युव्हेंटसला दोन गोल मारले आणि पेरुजिया हे नाव जपानमध्ये घरोघरी गेलं. जानेवारी २००० मध्ये तो रोमाला गेला, आणि जपानी कॅमेरेही त्याच्या मागोमाग गेले. मँचेस्टर युनायटेडने २००४ मध्ये चीनचा डाँग फांगझुओ घेतला, पण लीगमध्ये त्याच्या वाट्याला एकच सामना आला. बाकावरच्या खेळाडूसाठी रात्री दोनला कोण जागणार?

लंडनच्या टॉटनहॅमचं गणित जमलं, कारण कोरियाचा सन ह्युंग-मिन तिथे २०१५ ते २०२५ अशी दहा वर्षं खेळला आणि दर आठवड्याला खेळला. क्लबचे कोरियातले दौरे (२०२२, २०२४, २०२५) त्यानंतर झाले. आधी घरात माणूस, मग पाहुणचार, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आता तो लॉस एंजेलिसला गेल्यावर कोरियात टॉटनहॅमच्या किती जर्सी कपाटात जातात, ते बघायचं. स्कॉटलंडच्या सेल्टिकने त्यापेक्षा हुशारी केली. २०२१ च्या उन्हाळ्यात फुरुहाशी आणला, सहा महिन्यांत आणखी तीन जपानी आणले, आणि २०२३ मध्ये संघ जपानला नेला. जानेवारी २०२५ मध्ये फुरुहाशी फ्रान्सला गेला तेव्हा त्या तिघांतले माएदा आणि हाताते संघात होतेच.

भारतासाठी मात्र हा पर्याय तूर्त कागदावरच आहे. बायचुंग भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी क्लबात गेला, सुनील छेत्री २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये, तोही 'ब' संघात. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये दर आठवड्याला खेळणारा भारतीय अजून मिळालेला नाही.

उरला क्लब विकत घेण्याचा मार्ग. इथे मी सरळ 'नको' म्हणेन. मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. संघाने २०२०-२१ मध्ये लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, पुढेही विजेतेपदं आली. पण आयएसएल, म्हणजे ज्यात हा संघ खेळतो त्या इंडियन सुपर लीगच्याच भवितव्यावर प्रश्नचिन्ह लागलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये ग्रुप बाहेर पडला. ॲटलेटिको माद्रिदने कोलकात्याच्या क्लबात भागीदारी करून मांडलेला संसार २०१४ ला सुरू होऊन २०१७ ला मोडला, तोही दोन विजेतेपदांनंतर. दुसऱ्याच्या लीगची दुखणी आपल्या अंगावर घेऊन उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि एवढं करून अंधेरीच्या मैदानात मुंबई सिटीसाठी ओरडणारा पोरगा घरी जाऊन लिव्हरपूलचा सामना लावणार!

उलट दिशेनेही हे चालत नाही. पुण्याच्या व्यंकीजने २०१० मध्ये इंग्लंडचा ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला, ऑक्टोबर २०११ मध्ये संघ बालेवाडीत येऊन पुणे एफसीला ३-० हरवून गेला, आणि २०१२ मध्ये प्रीमियर लीगमधून खाली घसरला. पुण्यात ब्लॅकबर्नची जर्सी घातलेला माणूस शोधून दाखवा.

चौथा पर्याय म्हणजे वेळ, भाषा आणि एकत्र बसायची जागा. चॅम्पियन्स लीगचे बहुतेक सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतात, शाळकरी पोराला ते दिसणारच नाहीत. स्पेनच्या ला लिगा या लीगने हे ओळखलं. २३ डिसेंबर २०१७ चा रेआल-बार्सिलोना सामना माद्रिदमध्ये दुपारी एकला ठेवला, म्हणजे इथे संध्याकाळी साडेपाच. वेळ ठरवणं लीगच्या हातात असतं, हे खरं. पण सामन्याचे ठळक क्षण सकाळी मराठीत, मल्याळममध्ये, बंगालीत देणं क्लबच्याच हातात आहे. शहरात जमणाऱ्या चाहत्यांना पडदा, जागा आणि थोडा मान देणंही. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो पेठेपेठेतल्या तालमी-मंडळांमुळे. पाटाकडील किंवा दिलबहारचा माणूस संघासोबत गल्लीचाही असतो, म्हणून हरल्यावर तो संघ बदलत नाही.

तेव्हा कोरिया किंवा जपान डोळ्यांसमोर असेल तर खेळाडू घ्या, एकाऐवजी दोन घ्या, आणि प्रशिक्षक त्यांना खरोखर खेळवणार आहे ना ते आधी विचारा. भारत असेल तर पहिली तीन वर्षं सगळा पैसा चौथ्या पर्यायात घाला. दौरा त्यानंतर. आणि त्या दौऱ्याच्या पोस्टरवर कुणा एकट्या खेळाडूचा चेहरा छापू नका.