गम, पॅच, गोळी की नुसता निर्धार? सिगारेट सोडताना काय निवडाल

सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट पेटेपर्यंत किती वेळ जातो, ते आधी बघा. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल, तर नुसत्या निर्धारावर सोडायला जाऊ नका. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी सिंहगड रोडवरच्या त्याच टपरीवर सुट्टी सिगारेट मागत उभा होतो.

रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. म्हणून काही तासांतच चिडचिड सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि तीन-चार आठवड्यांत ओसरते. मधल्या काळात झोप उडते, सारखं खावंसं वाटतं, पोट साफ होत नाही. मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरातले जेमतेम तीन ते पाच जण सहा महिने-वर्षभर टिकतात. दिवसाला दोन-चारच ओढणाऱ्याला कदाचित जमेल. बाकीच्यांनी आधार घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

२ मिलिग्रॅमचा निकोटिन गम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो आणि तलफ आली त्या क्षणी खिशात असतो. पण तो चुकीचा खाल्ला जातो. मी साध्या च्युइंगमसारखा चघळला. उचक्या लागल्या, घसा जळजळला आणि ‘याने काही होत नाही’ म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं. खरी पद्धत अशी: जीभ चुरचुरेपर्यंत हळूहळू चावायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. चुरचुर थांबली की पुन्हा थोडा चावायचा आणि दुसऱ्या गालात सरकवायचा. असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच नीट शोषलं जातं, गिळलेलं बरंचसं वाया जातं. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटं गम घेऊ नका, तोंडातल्या आम्लामुळे तो लागू पडत नाही. पुण्यात तलफ नेमकी कटिंगबरोबरच येते, त्यामुळे आधी गम आणि चहा मागाहून, हा क्रम पक्का ठेवा. कवळी असेल तर गमच्या वाटेला न गेलेलं बरं.

पॅचची तऱ्हा वेगळी. सकाळी अंघोळ झाली की दंडावर कोरड्या जागी चिकटवायचा. निकोटिन दिवसभर झिरपत राहतं. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याने सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून १४ आणि ७ वर उतरायचं, एकूण आठ ते बारा आठवडे. खाज येऊ नये म्हणून रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा. मात्र मित्राने समोर पाकीट उघडलं की येणारी अचानक तलफ एकटा पॅच आवरू शकत नाही.

म्हणून जुन्या, पक्क्या सवयीला माझं मत जोडीला: अंगावर पॅच, खिशात गम. एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा ही जोडी जास्त यश देते. माझी तिसरी खेप तिच्यावरच पार पडली. हृदयाचा त्रास असेल किंवा पोटात बाळ असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

व्हॅरेनिक्लिनची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते. सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करून साधारण बारा आठवडे घ्यायची. निकोटिन मेंदूत जिथे जाऊन चिकटतं त्याच जागा ती अडवते. तलफ कमी होते आणि चुकून ओढलीच तर पूर्वीची मजा येत नाही. मळमळ हा नेहमीचा त्रास, त्यामुळे जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्या. परिणाम पॅच-गमच्या जोडीच्या तोडीचा आहे. दिवसभर काहीतरी चघळणं किंवा चिकटवणं नको असेल, तर गोळी बरी. व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, विचारच सोडा, २०१९ पासून देशात त्यावर बंदी आहे.

काहीही निवडलंत तरी चहा निम्म्यावर आणा. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा लवकर निचरा करत असतं. धूर थांबला की तेवढ्याच चहाने अंगातलं कॅफिन खूप वाढतं. मग छातीत धडधडतं, रात्री डोळा लागत नाही आणि आपण दोष देतो सिगारेट सोडल्याला. मी सहा कपांवरून तीनवर आलो, त्या आठवड्यात झोप परतली.

एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यापुरता कोणाशी तरी बोलायचं असेल, तर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर लावा. फोन फुकट आहे.