माहीमच्या चर्चबाहेरची मेणाची दुकाने

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी मरियामातेची नोव्हेना, म्हणजे नऊ वेळा सलग करायची प्रार्थना, होते आणि त्या दिवशी चर्चबाहेर मेणबत्त्या, फुले व मेणाच्या वस्तू विकणारी लहान दुकाने लागतात. साध्या मेणबत्तीखेरीज तेथे मेणाचे घर, बाळ, हात, पाय असे आकार मिळतात. ज्याचे जे मागणे, तशी त्याची वस्तू. सलग नऊ बुधवार येण्याचा संकल्प केलेले ख्रिस्ती भाविक तर ही खरेदी करतातच, पण इतर धर्मांचे लोकही मोठ्या श्रद्धेने करतात.

वस्तू साच्यात ओतलेल्या असल्यामुळे त्यांत फार बारकावे शोधू नयेत. मेणबत्ती घेताना वात मध्यभागी आहे ना, एवढे पाहावे, अन्यथा ती एका बाजूने झरते. उन्हाळ्यात मेणाचे नाजूक आकार पिशवीत दाबून नेऊ नयेत.

दुकानदाराचे बोलणे मात्र मला मालाइतकेच महत्त्वाचे वाटते. बहुतेक विक्रेते काय हवे ते विचारून वस्तू मुकाट्याने हाती देतात, आणि ते अतिशय योग्य आहे. परंतु एखादा ‘हे वाहा, नऊ बुधवारांत काम होणारच’ असे सांगतो, तेव्हा तो मेणासोबत एक हमी विकत असतो, जी देण्याचा अधिकार कोणालाच नाही. आजारी मुलासाठी मेणाची आकृती वाहिलेल्या आईचे मूल दगावले, तर त्या हमीमुळे तिच्या दुःखात ‘माझीच श्रद्धा कमी पडली’ ही टोचणी आयुष्यभराची भर घालते.

अशा वेळी संत मोनिकेचा दाखला हमखास दिला जातो. मुलाने, म्हणजे पुढे संत झालेल्या ऑगस्टीनने, आपल्याला सोडून रोमला जाऊ नये म्हणून ती रात्रभर प्रार्थना करीत राहिली आणि त्याच रात्री तो तिला फसवून जहाजाने निघून गेला. पण त्याच प्रवासातून पुढे तो मिलानला पोहोचला, बिशप अँब्रोज यांची प्रवचने त्याच्या कानी पडली आणि ३८७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. हा दाखला खरा आणि सुंदर आहे, तरीही ज्यांचे माणूस परत येणारच नाही, त्यांच्यापुढे तो मांडताना मला संकोच वाटतो, कारण मोनिकेला अखेर तिचा मुलगा मिळाला होता. त्यांच्यासाठी मी गेथशेमाने बागेकडे वळतो, जेथे येशूने क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रार्थना केली. तेथे त्याने हा प्याला, म्हणजे पुढ्यात आलेले दुःख, माझ्यापासून दूर कर, असे स्पष्ट शब्दांत मागितले, त्याच प्रार्थनेत देवाला ‘अब्बा’ म्हणजे बाप म्हटले आणि स्वतःला पित्याच्या इच्छेवर सोपवले. प्याला दूर झाला नाही. मागणे नाकारले गेले म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही, हे माझ्या मते याहून ठामपणे कोठेही सांगितलेले नाही.

म्हणून ही दुकाने मला मोलाची वाटतात. ज्याला मागणे शब्दांत मांडता येत नाही, त्याला ते हातात धरून देवापुढे ठेवता येते, आणि हात किंवा घर वाहणारा माणूस आपली गरज लपवीत नाही. ज्यांचे नऊ बुधवार पुरे झाले आणि काहीच घडले नाही, त्यांनी पुन्हा तोच आकार घ्यावा किंवा नुसती मेणबत्ती घ्यावी, दोन्ही चालेल. विक्रेत्यांना एवढीच विनंती आहे की असे गिऱ्हाईक पुन्हा आले, तर ‘मागचे काम झाले का?’ असे त्याला विचारू नये.