रेवदंडा, हर्णे की विजयदुर्ग : स्वतः रांधून राहायचं घर कुठे घ्यावं?

कोकणात घरगुती जेवणासकट खोली देणाऱ्यांची आता कमी नाही, आणि त्यांच्या हातचं जेवण उत्तमच असतं. पण सगळ्यांची गरज तेवढ्याने भागत नाही. घरात वर्षाचं मूल असतं, पथ्यावरचे आजोबा असतात. कुणाला सकाळी बंदरावर स्वतः निवडलेला मासा आपल्या हाताने, आपल्या तिखटात करायचा असतो. अशांना अख्खं घर हवं, किल्ली आपल्याकडे हवी आणि चूल आपल्या ताब्यात हवी. आणि गावही निव्वळ पर्यटनावर उभं राहिलेलं नको, जुनं बंदर हवं, अशी आवड असेल तर रेवदंडा, हर्णे आणि विजयदुर्ग ही तीन नावं हमखास समोर येतात. तिन्ही गावांना समुद्र आहे, किल्ला आहे, इतिहास आहे. निवड ठरते ती स्वयंपाकघर आणि बाजार यांवर, असं माझं ठाम मत आहे. खिडकीतून समुद्र दिसतो का, हा प्रश्न मी शेवटी विचारते.

आधी घराबद्दल. जाहिरातीतल्या ‘किचन आहे’ या दोन शब्दांवर विसंबू नका. कुठे त्याचा अर्थ चहापुरती शेगडी आणि चार कप एवढाच असतो. फोनवर थेट विचारावं: शेगडी किती बर्नरची, सिलेंडर भरलेला आहे का, जोडीला दुसरा आहे का, सहा माणसांचा भात होईल एवढं पातेलं आहे का, खवणी आहे का. नारळ अंगणात पडलेले आणि खवायला काही नाही, अशी वेळ कोकणात येऊ नये. त्याहून महत्त्वाचा प्रश्न सामिषाचा. वाडीतल्या अनेक घरांत मालक शेजारीच राहतात आणि घरात मासे-मटण शिजवलेलं त्यांना चालत नाही. तो त्यांच्या घराचा नियम आहे, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही, पण मासळी घेऊन दारात उभं राहिल्यावर तो कळणं वाईट. जिथे चालतं तिथेही मासे धुवायला बाहेर मोरी आहे का आणि खवलं-आतडी कुठे टाकायची, हे विचारून ठेवावं.

मासे हाच तुमच्या सहलीचा गाभा असेल तर फार विचार करू नका, हर्णेला जा. दापोलीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवरचं हे बंदर आजही पूर्णपणे मासेमारीवर जगतं. ट्रॉलर खोल पाण्यात उभे राहतात, माल लहान होड्यांनी आणि बैलगाड्यांनी किनाऱ्यावर येतो आणि सकाळ-संध्याकाळ लिलाव चालतो. तो लिलाव मुख्यतः व्यापाऱ्यांचा. टोपल्यांवर बोली लागते आणि चार माणसांच्या घराला टोपलीभर सुरमई नको असते. आपण जायचं ते बाजूला वाटे मांडून बसलेल्या बायकांकडे. पापलेट, हलवा, बांगडा, कोळंबी, माकुल, जे त्या दिवशी जाळ्यात आलं ते तिथे मिळतं. थोडे पैसे दिले की तिथेच साफ करून, तुकडे पाडून देणाऱ्या बायका असतात. भाजी, नारळ, किराणा हर्णेत मिळतो, मोठी खरेदी जाता-येता दापोलीत करावी.

पण घर अगदी बंदराला चिकटून घेऊ नका. बंदराचा वास आणि पहाटेचा गलबला हा तिथल्या लोकांच्या पोटापाण्याचा भाग आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याला, त्यातून लहान मूल बरोबर असलं तर, तो झेपतोच असं नाही. दापोलीचं मुरूड (जंजिऱ्याचं नव्हे), कर्दे किंवा खाडीपलीकडचं आंजर्लं इथे नारळी-पोफळीच्या वाडीत घर घ्यावं आणि सकाळी गाडी काढून हर्णेला जावं. ज्या सामिषबंदीबद्दल वर लिहिलं ती वाड्यांतल्या घरांतच जास्त भेटते, म्हणून आधी नक्की करून घ्या. घराचे फोटो कधीचे आहेत हेही विचारा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या केल्या. नव्याने लावलेल्या माडांना आणि पोफळींना वाढायला वर्षं लागतात, त्यामुळे जुन्या फोटोंतली गर्द सावली प्रत्यक्षात असेलच असं नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हा फरक चांगलाच जाणवतो.

बघायला हर्णेत भरपूर आहे. समुद्रातला सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. सुवर्णदुर्ग कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. १७५५ मध्ये पेशव्यांशी संगनमत करून इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याकडून घेतला. पुढच्याच वर्षी पाळी आली विजयदुर्गाची. ही दोन गावं एका ओळीत बघितली की तुळाजी आंग्र्यांच्या आरमाराचा शेवटचा अंक कसा घडला ते पुस्तकाबाहेर समजतं. मला त्याची हळहळ दर वेळी नव्याने वाटते.

रेवदंड्याचा स्वभाव वेगळा. इथे गावच किल्ल्यात आहे. पोर्तुगिजांच्या तटाच्या आत वाड्या, घरं, विहिरी, आणि मधूनच चर्चची पडकी भिंत. सातखणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्याचे आज चारच मजले उभे आहेत. शेजारचं चौल तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात इथेच उतरला. १७४० मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं. कुंडलिका खाडीच्या पलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो आणि त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगिजातून जन्मलेली बोली आजही घरात बोलली जाते.

मुंबईकरांसाठी रेवदंडा सर्वांत सोपं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली की तासाभरात मांडवा. पुढे अलिबाग, आणि अलिबागहून सतराएक किलोमीटरवर रेवदंडा. दोनच रात्री हातात असतील आणि वयस्क माणसं बरोबर असतील तर मी हेच निवडेन, कारण गाडीत हाडं खिळखिळी होत नाहीत आणि अलिबागसारखं दवाखाने, औषधांची दुकानं असलेलं गाव जवळ आहे. अख्खे बंगले भाड्याने देण्याचा व्यवसायही अलिबाग पट्ट्यात जास्त रुजलेला, त्यामुळे स्वयंपाकघरं बहुधा नीट मांडलेली असतात. भाडंही त्याच प्रमाणात चढं, शनिवार-रविवारी तर फारच.

मासळीत रेवदंडा हर्णेच्या मागे आहे, पण शाकाहारी स्वयंपाक करणाऱ्याची इथे चंगळ होते. उन्हाळ्याच्या तोंडावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. हा कांदा गोडसर, कच्चाच खावा असा. वाल घेऊन रात्री भिजत घातले, मोड येऊ दिले की बिरडं. मुक्काम तीन दिवसांचा तरी हवा, नाहीतर मोड येईपर्यंत परतायची वेळ होते. थंडीत गेलात आणि मालक तयार असतील तर अंगणात पोपटी लावा: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी, आणि भोवती जाळ. हे बंद खोलीच्या हॉटेलात कधीच होणार नाही. समुद्रस्नानाची हौस असेल तर मात्र हे लक्षात घ्या की इथली वाळू काळसर आहे. मुरूड-कर्द्याचा लांबलचक किनारा मुलांना जास्त आवडतो.

विजयदुर्ग चार-पाच दिवस असतील तरच. मुंबईहून चारशे किलोमीटरहून जास्त, महामार्ग सोडून तळेऱ्याला वळल्यावरही पन्नासेक किलोमीटर. रस्ता जिथे संपतो तिथे गाव, आणि गावाच्या टोकाला तिहेरी तटबंदीचा किल्ला. घरून चालत किल्ल्यात जाता येतं, संध्याकाळी परत जाता येतं, सकाळी पुन्हा. ही मोकळीक हर्णेच्या सुवर्णदुर्गाला नाही. तिथे होडी लागते आणि पावसाळ्यात तीही बंद असते. किल्ल्यासाठी जाणाऱ्याला माझं एकच उत्तर, विजयदुर्ग.

स्वयंपाकाच्या दृष्टीने मात्र तयारी करून जावं लागतं. अख्खी घरं थोडी आहेत, बाजार लहान आहे, मनासारखं सगळं मिळेल याची खात्री नाही. तांदूळ, डाळी, मसाले, तेल, मुलांचं दूधपावडर बरोबर न्यावं. मासळी मिळते, पण हर्णेसारखी रास नसते, जे येईल ते घ्यायचं. कंटाळा आला तर गावातल्या खानावळीत सकाळीच सांगून ठेवलं की दुपारी कुळथाची पिठी, भात आणि सोलकढी मिळू शकते. आणि मे महिना असेल तर देवगड हापूस पेटीने घेऊन घरातच ठेवता येतो, रोज दोन-चार पिकतात.

तिन्ही गावांना लागू असलेल्या दोन गोष्टी. यांत्रिक होड्यांना जून-जुलैत मासेमारीबंदी असते, त्यामुळे ताज्या मासळीच्या आशेने त्या महिन्यांत घर घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्यात तुरीची डाळ तास तास शिजत नाही, चहाची चव बिघडते. पिण्याचं आणि रांधायचं पाणी कुठून येतं हे आगाऊ पैसे पाठवण्याआधीच विचारा, आणि मिक्सरवर अवलंबून राहू नका. वीज संध्याकाळी, नेमकी वाटणाच्या वेळी, गेलेली असू शकते. ओलं वाटण घरून करून, डब्यात गोठवून नेलं तर पहिल्या रात्रीचं कालवण तरी अडत नाही.