फ्लेबोटॉमीचा तीन महिन्यांचा कोर्स: तक्ता उलटा, मॅडम सरळ

मिरजेतल्या एका खासगी संस्थेत मी रक्त घेण्याचा, म्हणजे फ्लेबोटॉमीचा, तीन महिन्यांचा कोर्स केला. गेल्या महिन्यात संपला. फी १६,५०० रुपये, दोन हप्त्यांत. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी ५ ते ७. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि मला याच गावात नोकरी करायचीय.

त्याआधी सहा वर्षं मी एका लॅबच्या काउंटरवर होते. सीबीसी, एलएफटी, आरबीएस, पीपी ही रक्त-तपासण्यांची अक्षरं झोपेतही लिहीन, पण त्यामागचे शब्द कुणी विचारले तर दातखीळ. तीन वर्षांपूर्वी कर्नाटकातल्या कुडचीकडून आलेल्या एका आजोबांचं सॅम्पल आतून परत आलं. चिठ्ठीवर लिहिलेलं, ‘हिमोलाइज्ड, पुन्हा घ्या’. आत जाऊन विचारलं तर कामात बुडालेला पोरगा मान वर न करता म्हणाला, “अगं ताई, रक्त फुटलंय.” मी बाहेर येऊन तेच सांगितलं. “आजोबा, तुमचं रक्त फुटलंय, परत द्यावं लागेल.” आजोबा होते तिथंच बाकावर टेकले. पाच मिनिटांत मुलगा, सून, जावई सगळ्यांना फोन गेले. दुपारी जावई जीप घेऊन हजर. फुटल्या होत्या त्या ट्यूबमधल्या तांबड्या पेशी, आणि त्यात आजोबांचा काही संबंध नव्हता. फार बारीक सुई, जोरात ओढलेला दट्ट्या, नाहीतर खुळखुळ्यासारखी हलवलेली ट्यूब, एवढ्यानंही पेशी फुटतात. हे तेव्हा मला माहीत असतं तर जावयाचं डिझेल वाचलं असतं.

तर मुद्दा असा, की मला शब्द शिकायचे होते. सुई काय, हात बसला की जमते.

पहिला महिना ‘मेडिकल टर्मिनॉलॉजी आणि बेसिक ॲनाटॉमी’. पहिले तीन आठवडे हा विषय एका सरांकडे होता. त्यांची पद्धत म्हणजे झेरॉक्स. कुठल्यातरी अमेरिकन पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स, ए पासून झेडपर्यंत शब्द, प्रत्येक दहादा लिहून आणायचा. आमच्यातल्या निम्म्या जणी मराठी माध्यमाच्या. ‘लॅव्हेंडर टॉप’ म्हणजे काय, हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. ती आपली जांभळ्या टोपणाची ट्यूब! मी ती सहा वर्षं रॅकमध्ये लावत आले आणि परीक्षेत तिचं नाव चुकले. सरांना विचारलं की ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यात माझा नेहमी घोळ होतो, काय करू? म्हणाले, “पाठ करा.”

दुसरी गोष्ट भिंतीवरची. वर्गात हाताच्या शिरांचा मोठा फ्लेक्स लावलाय. कोपराच्या खळगीत तीन शिरा: अंगठ्याच्या बाजूने वर जाणारी सेफॅलिक, करंगळीच्या बाजूची बॅसिलिक, आणि दोघींना जोडणारी मिडियन क्युबिटल. फ्लेक्सवर अंगठ्याकडच्या शिरेला बॅसिलिक लिहिलंय. छापताना चित्र उलटं झालं आणि नावं जागच्या जागी राहिली असणार. दोन बॅचेस त्यावरून पाठ करून गेल्या म्हणे. ही चूक ‘चालतंय की’ म्हणून सोडायची नाही. करंगळीच्या बाजूला, बॅसिलिकच्या जवळूनच ब्रेकियल आर्टरी ही रोहिणी आणि मिडियन नर्व्ह हा मज्जातंतू जातात. म्हणून ती शीर शेवटचा पर्याय. उलट्या तक्त्यावर शिकलेली मुलगी नेमकी तिथंच आधी सुई घालायची.

चौथ्या आठवड्यात मॅडम आल्या. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या लॅब टेक्निशियन, गळ्यात चष्म्याची दोरी, हातात कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं, पर्समधून मार्कर काढला आणि दोन्ही नावांवर काट मारून बाणांनी अदलाबदल केली. मग झेरॉक्स बाजूला ठेवायला सांगितली.

“मेथी निवडता ना? तसा शब्द निवडायचा. देठ वेगळा, पान वेगळं.” फ्लेब म्हणजे शीर, टॉमी म्हणजे कापणं. हीम, हिमॅटो म्हणजे रक्त. लिसिस म्हणजे फुटून विरघळणं. एरिथ्रो तांबडं, ल्युको पांढरं, साइट किंवा सायटो पेशी, पेनिया कमतरता, आयटिस दाह, आणि शेवटी एमिया दिसलं की ‘रक्तात’. मग फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहिला, थ्रॉम्बोसायटोपेनिया. थ्रॉम्बो गुठळी, सायटो पेशी, पेनिया कमी. गुठळी करणाऱ्या पेशी कमी. मागच्या बाकावरून एक जण ओरडली, “मॅडम, डेंगीत पेशी कमी होतात त्या!” वर्गात अर्ध्या जणींच्या घरी कुणाला ना कुणाला डेंगी होऊन गेलेला. तो शब्द त्या दिवसानंतर कुणालाच पाठ करावा लागला नाही.

हायपो-हायपरचा घोळ त्यांनी एका वाक्यात मिटवला: “पो पोकळ, पर परातभर.” हायपोग्लायसेमिया, साखर पोकळ. हायपरग्लायसेमिया, साखर परातभर. हसू नका, मला अजून रिपोर्ट बघताना परात दिसते.

हिमॅटोमा आणि हिमोलिसिस हेही असंच सोडवलं. दोन्हींत रक्त आहे, पण हिमॅटोमा कातडीखाली आणि हिमोलिसिस पेशीचा. सुई नीट बसली नाही किंवा नंतर कापूस दाबून धरला नाही की हातावर जे काळंनिळं पडतं, तो हिमॅटोमा. “पेशंटला काळंनिळं म्हणा, फॉर्मवर हिमॅटोमा लिहा. दोन्ही भाषा यायला पाहिजेत, आणि कुठली कुठं हेही.” आजोबांचा किस्सा मी वर्गात सांगितला तेव्हा मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “‘नमुना खराब झाला, चूक आमची, परत घेतो’ एवढंच म्हणायचं होतंस.”

शाळेत आपण रोहिणी, नीला आणि केशवाहिनी शिकलो होतो. मला त्या रोहिणी आणि नीला कायम दोन जावा वाटायच्या. संस्थेत मराठी शब्द काढला की सर कपाळाला आठ्या घालायचे. मॅडमनी उलट तिथूनच सुरुवात केली. रोहिणी म्हणजे आर्टरी, बोटाखाली ठोका देते. नीला म्हणजे व्हेन, दाबली की स्पंजसारखी परत वर येते, ठोका नाही. “डोळ्यानं शीर शोधू नका, बोटानं विचारा. ठोका लागला की तिथून उठा.” प्रॉक्सिमल म्हणजे धडाकडचं, डिस्टल म्हणजे बोटांकडचं, शीर फुगावी म्हणून बांधायचा पट्टा टोचायच्या जागेच्या प्रॉक्सिमल बाजूला, तीन-चार इंच वर, आणि एका मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. पेशंट समोर बसला की त्याचा डावा हात तुमच्या उजवीकडे येतो. साधी गोष्ट वाटते, पण ज्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन झालंय किंवा ज्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (रोहिणी आणि नीला मुद्दाम जोडलेली जागा) आहे तो हात टाळायचा असतो, तिथं डावं-उजवं चुकून चालत नाही.

सेफॅलिकचा अर्थ ‘डोक्याची’, मग ती हातात कशी, हे मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, बघून सांगते, आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगितलं. जुन्या अरबी वैद्यांचा शब्द होता अल-किफाल, म्हणजे बाहेरच्या बाजूची. लॅटिनमध्ये उतरवणाऱ्यांना तो ग्रीक ‘केफाले’सारखा, म्हणजे डोक्यासारखा, ऐकू आला, असं सांगतात. म्हणजे आमच्या फ्लेक्सवाल्याला फार जुनी परंपरा आहे.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो ट्यूबच्या तासाचा. ट्यूब भरायचा क्रम सगळेच पाठ करून घेतात (रंग टोपणाचा, पुढचं नाव आतल्या रसायनाचं): कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची बाटली, असेल तर आधी, मग निळी सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी ईडीटीए, शेवटी राखाडी फ्लोराइड. मॅडमनी फळ्यावर ‘हायपरकॅलेमिया’ लिहिला आणि निवडायला सांगितला. हायपर परातभर, एमिया रक्तात, मधलं काल? कुणी म्हणालं कॅल्शियम. मीही तेच म्हणाले असते. ते केलियम, पोटॅशियमचं लॅटिन नाव, म्हणून तर त्याची खूण के. मग त्यांनी जांभळी ट्यूब हातात घेतली. आत ईडीटीए आहे, तोही पोटॅशियमचा क्षार, आणि तो रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतो म्हणून रक्त गोठत नाही. आता कुणी जांभळी आधी भरली आणि तिच्यातलं थोडं रक्त पिवळीत ओतलं, तर रिपोर्टमध्ये काय दिसेल? पोटॅशियम भलतंच वर, कॅल्शियम भलतंच खाली. डॉक्टर धावत येतात, आणि पेशंट बाहेर बाकावर निवांत भडंग खात बसलेला असतो. तेव्हापासून ट्यूबचा क्रम माझा कधी चुकला नाही. राखाडीतलं फ्लोराइड पेशींना साखर खाऊ देत नाही, म्हणून फास्टिंग-पीपी, म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, तिच्यात. निळीत एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, म्हणून ती रेघेपर्यंत भरलीच पाहिजे.

बाकीचं थोडक्यात. प्रॅक्टिसचा रबरी हात एकच, आम्ही बावीस जणी. कोपरात इतकी भोकं पडलीत की लाल पाणी सुईआधीच बाहेर येतं. टोचलं की सायकलची ट्यूब टोचल्यासारखं वाटतं. खरी शीर पळते, रबरी शीर पळत नाही, त्यामुळं पहिल्यांदा मैत्रिणीच्या हातावर घेताना माझे हात कापले. सुयांचे नंबर, वापरलेली सुई टोपण न लावता थेट पांढऱ्या डब्यात, हे सगळं व्यवस्थित झालं. हॉस्पिटलमधली प्रॅक्टिस ‘एक महिना’ लिहिली होती, प्रत्यक्षात अकरा दिवस मिळाली. त्यावर विचारलं तर ऑफिसातून उत्तर येतं, “बघू.”

आणखी एक तक्रार, ती या गावापुरती. मिरजेत कर्नाटकातून येणारे पेशंट काय कमी आहेत? एवढे इंग्रजी शब्द शिकवता, मग चार कानडी का नाही? ‘ऊटा आयता?’, जेवण झालं का, एवढं आलं तरी निम्मी फास्टिंगची सॅम्पलं वाचतील. मी ते हॉस्पिटलच्या आयांकडून शिकले. परवा एका आजींना विचारलं तर बोट दाखवून म्हणाल्या, “चहा अष्टे.” फक्त चहा. साखरेचा. उद्या या म्हटलं.

पाचपैकी साडेतीन. एक सरांच्या झेरॉक्सचा कापला, अर्धा रबरी हाताचा. मॅडम नसत्या तर दीडच्या वर गेले नसते. त्या पुढच्या बॅचला आहेत की नाही हे फी भरण्याआधी विचारा, आणि सर्टिफिकेट नेमकं कुणाचं हेही लेखी विचारा. शक्य असेल तर वर्गात एकदा डोकावून भिंतीवरचा फ्लेक्स बघा. मार्करचे बाण असतील तर बसा. नवा फ्लेक्स लावला असेल तर आपला अंगठा समोर धरून एकदा ताडून बघा.