वस्तऱ्याची पाठ जाड का असते: आठ महिने रोज वापरल्यानंतर

दिवाळीच्या आधी घेतलेल्या जुन्या जर्मन वस्तऱ्याने गेले आठ महिने रोज दाढी करतोय. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये असतो तो अर्धं ब्लेड घालायचा. बोथट झालं की ब्लेड टाकलं, नवं घातलं. माझा अखंड पोलादी पात्याचा आहे, झोलिंगेनचा, पातं पाच-अष्टमांश इंच रुंद, म्हणजे जवळपास १६ मिलिमीटर. याला धार आपणच लावायची. आणि धार लावायला बसल्यावरच कळतं की या वस्तूवर शोभेसाठी म्हणून जवळजवळ काहीच नाही.

सगळ्यात आधी पाठ. सुरुवातीला वाटायचं, एवढ्या नाजूक पात्याला इतकी जाड पाठ कशाला? चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा दगडावर सपाट आडवा ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या. मग कोन हाताने धरायचा प्रश्नच उरत नाही, तो पाठीच्या जाडीनेच ठरतो. मी कॅलिपरने मोजलं: पाठ ४.७ मिलिमीटर. रुंदीशी हिशेब लावला तर धारेचा कोन सुमारे १७ अंश येतो. दगडावर धारेबरोबर पाठही किंचित झिजते, म्हणून रुंदी कमी होत गेली तरी कोन फारसा हलत नाही. ज्या कारागिरांनी हे बसवलं त्यांच्याबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

दोन्ही बाजूंनी पोटात कोरलेलं असल्यामुळे पातं धारेपाशी कागदासारखं होतं. इंग्लंडमधल्या शेफील्डचे जुने वस्तरे पाचरीसारखे भरीव असत; त्यांत दगडाने घासायचं पोलाद जास्त. कोरलेल्या पात्यात धारेपाशी थोडंच पोलाद घासावं लागतं. शिवाय ते बोलतं. गालावरून फिरताना खुंट कापले जाण्याचा बारीक करकर आवाज येतो, आणि तो बदलला की कोन चुकलाय हे आरशात न बघता समजतं. मी पाठ गालापासून तिच्या जाडीपेक्षा थोडी जास्त वर ठेवतो, म्हणजे सुमारे ३० अंश.

आता तक्रार. विकणाऱ्याने "दाढीला तयार" म्हणून पाठवला होता, पण पहिल्याच दिवशी केस कापण्याऐवजी ओढले जात होते. मग धारेवर मार्करची काळी शाई लावली आणि वस्तरा दगडावरून एकदाच फिरवला. पुढची सगळी शाई गेली, मुठीकडच्या बोटभर भागात तशीच राहिली. कारण सापडायला आठवडा गेला. पातं जिथे शेपटीला, म्हणजे बोटांनी धरायच्या मागच्या दांड्याला मिळतं तिथे एक आडवी जाड कड असते. पातळ पातं पिळू नये म्हणून ती ठेवलेली असते, पण आधीच्या कोणीतरी वस्तरा घासून घासून धार तिच्यापर्यंत आणली होती. ती कड दगडाच्या काठावर चढायची आणि तेवढी धार अधांतरी राहायची. आता ती दगडाबाहेर ठेवून तिरका हात मारतो. आधी १०००, मग ४०००, शेवटी ८००० चा दगड; आकडा मोठा तितका दगड बारीक. जुना वस्तरा घेणाऱ्यांनी ही जागा फोटोत नक्की मागून बघावी.

टोकाचं म्हणाल तर माझ्या वस्तऱ्याचं टोक चौकोनी, अणकुचीदार आहे. मिशीची रेघ आणि नाकाखालची जागा त्याने फार सुरेख निघते. तिसऱ्या दिवशी त्यानेच कानाच्या पाळीला चीर दिली, पुसेपर्यंत टॉवेल लाल. नवशिक्याने गोल टोकाचाच घ्यावा, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

शेपटीच्या खालच्या अंगाला बारीक खाचा आहेत. कोरड्या हाताला त्या निरुपयोगी वाटतात. साबणाचा फेस बोटांवर आला की त्यांच्यामुळेच पकड सुटत नाही. शेपटीचा वर वळलेला बाक करंगळी टेकवायला.

मूठ म्हणजे पात्याची म्यान, आणि दाढी करताना मागचा तोल. तिच्या दुसऱ्या टोकाला दोन फळ्यांमध्ये छोटी पाचर असते. ती दोन्ही फळ्यांना किंचित ताणून ठेवते, त्यामुळे मिटताना पातं बरोबर मधोमध उतरतं. माझी पाचर सैल होती, धार एका फळीला घासायची आणि मी दोष धार परजायच्या चामड्याच्या पट्ट्याला देत होतो! त्या चामड्यावर मात्र रोज फिरवावंच लागतं, पाठ पुढे, धार मागे, वळवताना पाठीवरूनच. मी पन्नास फेऱ्या करतो.

जूनमध्ये पाऊस लागला आणि पातं मुठीत ज्यावर फिरतं त्या खिळ्यापाशी तांबूस डाग दिसले. हे साधं कार्बन पोलाद, गंजणारच. खोबरेल वापरून पाहिलं, चिकट थर धरला. आता दाढी झाली की टिश्यूने खिळ्याच्या आतपर्यंत पुसतो, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडतो आणि वस्तरा बाथरूममध्ये न ठेवता कपाटात ठेवतो. पाऊस चालू आहे, डाग वाढलेले नाहीत.